प्रिंटरची वायर

पियानोला प्रिंटरची वायर लागते हे कळायला मला तीन दिवस लागले. ते तीनही दिवस ती वायर माझ्याच टेबलामागे प्रिंटरला लावलेली होती.

पियानो म्हणजे तो लाकडी, तारांचा नव्हे. समोरच्या बिल्डिंगमधलं एक कुटुंब कॅनडाला निघालं, तेव्हा त्यांच्या मुलीचा ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो आम्ही स्टँडसकट घेतला. सोसायटीत त्याला वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे ‘कॅसिओ’च म्हणतात. कंपनी कुठली का असेना, पट्ट्या आहेत आणि वीज लागते म्हणजे तो कॅसिओ. मी लहानपणापासून पेटी वाजवतो. भजनाला, सुगम संगीताला, साथीपुरती. त्यामुळे पहिला महिना नुसता वाजवण्यात गेला. वायरींचं प्रकरण सुरू झालं ते ताईमुळे.

ताई न्यू जर्सीला असते. शनिवारी तिथल्या मराठी मुलांना गाणी शिकवते. “तू साथ वाजवून पाठव, मी मुलांना त्यावर गायला लावते,” असा तिचा फोन आला. मी मोबाईल पियानोवर ठेवला आणि वाजवलं. ऐकून बघतो तर कुकरच्या तीन शिट्ट्या, खालून गेलेली एक बुलेट आणि अंतऱ्याच्या ऐन समेवर आमच्या हिचं “अहो, गॅस बारीक करा.” ते एक सोडा, पण मी काळी चारमध्ये वाजवलेलं तिला पांढरी पाचमध्ये हवं होतं. पुन्हा वाजवलं. मग मुलांना लय झेपेना, म्हणून थोडी संथ हवी. पुन्हा वाजवलं. चौथ्यांदा बसलो तेव्हा ठरवलं की आता हा पियानो कॉम्प्युटरला जोडायचाच.

पियानोच्या पाठीमागे तीन भोकं होती. एक हेडफोनचं, एक पायातल्या पेडलचं आणि एक चौकोनी. चौकोनी भोकाशी माझा संबंध नाही असं मी गृहीत धरलं. हेडफोनच्या भोकातून आवाज बाहेर येतो, म्हणजे तिथूनच तो लॅपटॉपमध्ये न्यायचा, हा माझा हिशेब. मोठ्या पिनेला लहान पिनेचा कन्व्हर्टर लावला, वायर लॅपटॉपच्या भोकात खुपसली. पियानो मुका झाला, कारण हेडफोनची पिन आत गेली की त्याचे स्पीकर बंद होतात. आणि लॅपटॉपला वाटलं की आपल्याला कुणीतरी हेडफोन लावला आहे. दोघंही एकमेकांना आवाज पाठवायला तयार, घ्यायला कुणी नाही. यात दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी पुण्यातल्या बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीत गेलो. पियानोच्या पाठीचा फोटो दुकानातल्या पोराला दाखवला. त्याने फोटोकडे अर्धा सेकंद पाहिलं आणि म्हणाला, “काका, ही प्रिंटरची केबल. घरी प्रिंटर आहे का?” आहे म्हटल्यावर त्याने केबल काढलीच नाही. गिऱ्हाईक असं परत पाठवणारा दुकानदार मला त्या गल्लीत पहिल्यांदाच भेटला.

चौथ्या दिवशी वायर लावली. लॅपटॉपने पियानोचं नाव बिनचूक दाखवलं. मी ‘सा’ दाबला. पियानोतून आवाज आला, लॅपटॉप गप्प. रेकॉर्डचं बटण दाबून पूर्ण गाणं वाजवलं. पडद्यावर आवाजाची रेघ सपाट. वायर खराब असणार म्हणून प्रिंटरला लावून एक पान छापलं. स्वच्छ छापलं गेलं.

मग पुतण्याला फोन केला. तो ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचे विजेवरचे ढोल, वाजवतो. नवरात्र आणि गणपतीत तो आम्हाला दिसत नाही, एरवी रविवारी जेवायला येतो. तो म्हणाला, “काका, त्या वायरीतून आवाज येतच नाही. कुठली पट्टी दाबली तेवढंच येतं.”

हे वाक्य कळायला मला त्या चार दिवसांपेक्षा जास्त वेळ लागला, आणि पुढच्या सगळ्या भानगडींचं उत्तरही त्यातच होतं. कुठली पट्टी दाबली हे वाद्यांनी एकमेकांना सांगायची ही भाषा म्हणजे मिडी. १९८३च्या जानेवारीत अमेरिकेत अनाहाइमच्या वाद्य-प्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन स्पर्धक कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीने जोडून दाखवले गेले. एकावर पट्टी दाबली की दुसरा वाजायचा. त्यामागचे डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना ३० वर्षांनी, २०१३ मध्ये, त्यासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं. तेव्हा ठरलेली भाषा आजही जवळपास तशीच बोलली जाते. माझ्या चौकोनी भोकातून तीच बाहेर पडत होती, आणि मी त्यात आवाज शोधत होतो. कुणी स्वरलिपीची वही पाठवावी आणि आपण ती कानाला लावून बसावं, तसं.

पुतण्याने मिडी-ऑक्स नावाचा एक फुकट प्रोग्रॅम टाकायला सांगितला. तो काही वाजवत नाही, वायरीतून जे येतं ते ओळीओळीने दाखवतो. मधला ‘सा’, म्हणजे पियानोवाल्यांचा मिडल सी, दाबला की आकडा ६०. सगळ्यात डावीकडची पट्टी २१, सगळ्यात उजवीकडची १०८. पट्टी सोडली की आणखी एक ओळ. पेडल दाबलं की ६४ नंबरचा संदेश, त्यापुढे १२७. सोडलं की ०. आणि प्रत्येक पट्टीपुढे १ ते १२७ मधला एक आकडा, ती किती जोरात दाबली त्याचा. खरं म्हणजे किती वेगाने खाली गेली त्याचा.

या शेवटच्या रकान्यापुढे मी संध्याकाळचे दोन तास बसलो. साधा सारेगमप वाजवला. अंगठा ८२, तर्जनी ७८, मधलं बोट ८०, अनामिका ५५, करंगळी ३१. पुन्हा वाजवला, करंगळी ४०, पुढच्या खेपेला १०४. पेटीवाल्याचं पितळ असं आकड्यांत उघडं पडतं. पेटीला पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. लहान-मोठा आवाज काढायचा तो डाव्या हाताने, भात्याने. चाळीस वर्षं माझ्या उजव्या हाताला जोराचा हिशेब कुणी विचारलाच नव्हता, आणि डाव्या हाताला आता भाता नव्हता. गुरुजींनी नुसतं ऐकून “करंगळी पळते” असं म्हटलं असतं तर मी वाद घातला असता. आकड्यांशी कसला वाद घालणार? मी अकाउंटंट माणूस.

आता लॅपटॉपमधून आवाज काढायचा होता. आकडे पोचत होते, पण ते वाचून वाजवणारं कुणी आत नव्हतं. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्यात सॅलामँडर नावाचा फुकट मिळणारा पियानो बसवला. यामाहाच्या एका सी-५ ग्रँड पियानोचे सूर १६ वेगवेगळ्या जोरांनी वाजवून, ध्वनिमुद्रित करून तो बनवला आहे. पहिला सूर लागला तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो. माझ्याच बोटांखाली इतका गोल आवाज! फक्त तो उशिरा येत होता. पट्टी दाबा, थांबा, मग सूर. लांबच्या डोंगरावर हाक मारावी तसं. द्रुत लयीत तर माझाच हात मला मागून येऊन आपटत होता.

चूक अर्धी माझी होती. कानाला मी ब्लूटूथचे हेडफोन लावले होते. गाणी ऐकायला ते ठीक, पण वाजवताना आवाज हवेतून पाठवून पुन्हा उलगडण्यात इतका वेळ जातो की समेचा पत्ता लागत नाही. वायरचा हेडफोन लावल्यावर उशीर कमी झाला, गेला नाही. उरलेलं काम विंडोजचं. कॉम्प्युटर आवाज सुटा-सुटा पाठवत नाही, वाटीत जमवून एकदम ओततो. त्या वाटीला बफर म्हणतात. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने या हिशेबाने ५१२ नमुन्यांची वाटी भरायला साधारण ११.६ मिलिसेकंद लागतात, १२८ची २.९ मध्ये भरते. विंडोजच्या नेहमीच्या वाटेवर याच्या वर आणखी पाणी चढतं. म्हणून संगीतवाले असिओ नावाचा वेगळा ड्रायव्हर वापरतात. तो मधली दारं टाळून थेट साउंड कार्डाशी बोलतो. तो टाकला, वाटी १२८ची केली आणि सूर बोटाखाली आला. पण तापलेल्या तेलात मोहरी टाकावी तसा तडतडायलाही लागला, कारण जुन्या लॅपटॉपला इतक्या भराभर वाट्या भरणं झेपेना. २५६वर तडजोड झाली. ५.८ मिलिसेकंद. आवाज हवेत मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे पेटीपासून दोन मीटरवर बसल्यासारखं. बैठकीत तबलजी याहून लांब बसलेला मी पाहिला आहे.

पुढची भानगड दुहेरी आवाजाची. पियानोचे स्वतःचे स्पीकर चालू, लॅपटॉपचाही आवाज चालू. प्रत्येक सूर दोनदा, मधे केसाएवढी फट. पियानोचा आवाज शून्यावर आणला की हे मिटतं, पण मी तेवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? लॅपटॉपने आकडे परत पियानोकडे पाठवून पियानोचाच आवाज वाजवावा, असं काहीतरी मी रीपरमध्ये करून बसलो. आता एक पट्टी दाबली की पियानोला ती दोनदा दाबल्यासारखी कळायची, एकदा माझ्या बोटाने आणि एकदा लॅपटॉपकडून. आवाज पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा झाला. पेडल धरून मोठा स्वरसमूह वाजवला की आधीचे सूर मधेच गळायला लागले, कारण या पियानोला एका वेळी ६४ सूर धरता येतात आणि प्रत्येक पट्टी आता दोन जागा अडवत होती.

यावरचा उपाय पियानोतच असतो. लोकल कंट्रोल बंद करायचा. म्हणजे पट्ट्या आणि पियानोचा आतला आवाज यांची फारकत. पट्ट्या फक्त बाहेर सांगतात, आणि आतला आवाज फक्त बाहेरून आलेलं ऐकतो. डिजिटल पियानो एकच वाद्य दिसतं खरं, पण ती एका पेटाऱ्यात बसलेली दोन वाद्यं आहेत, हे मला तेव्हा समजलं. मी ते बंद केलं, रेकॉर्डिंग छान झालं, लॅपटॉप मिटला आणि भाजी आणायला गेलो. परत आलो तर ही पियानोसमोर हाताची घडी घालून बसलेली. “काय केलंत त्याला? दिवे लागतायत, आवाज नाही.” बंद करून पुन्हा सुरू केला, लोकल कंट्रोल जागेवर आला, पियानो बोलला. नंतर आठवडाभर मी लॅपटॉप उघडला की ती आधी स्वतःचं वाजवून घ्यायची.

दिवाळीनंतर पुतण्या ऑक्टोपॅड घेऊन आला. त्याला साथीत ठेका भरायचा होता. त्याच्या पॅडला मागे जुन्या पद्धतीची गोल, पाच पिनांची मिडीची भोकं. माझ्या पियानोला ती नाहीतच, फक्त ते चौकोनी. मी म्हटलं, गोलाचं चौकोनी करणारी वायर मिळेलच की. तो म्हणाला तसं होत नाही. ते चौकोनी भोक म्हणजे यूएसबी, आणि यूएसबीमध्ये एक जण यजमान लागतो आणि बाकीचे पाहुणे. पियानो पाहुणा, गोलाचं यूएसबी करणारी ऑक्टोपॅडची वायरही पाहुणीच. दोन पाहुण्यांना एकमेकांसमोर बसवलं तर दोघंही चहाची वाट बघत राहतात. जुन्या गोल पिनांना ही भानगड नव्हती. एकाचं आउट दुसऱ्याच्या इनमध्ये, संपलं. म्हणून मधे लॅपटॉप यजमान हवाच.

त्यासाठी एक स्वस्तातली यूएसबी-मिडी वायर ऑनलाइन मागवलेली होती. तिच्या एका टोकावर ‘इन’ लिहिलेलं, ते आम्ही ऑक्टोपॅडच्या ‘इन’मध्ये घातलं. सरळ वाटतं, पण उलटं आहे. वायरीचं ‘इन’ म्हणजे लॅपटॉपच्या आत येणारं, ते वाद्याच्या ‘आउट’मध्ये जातं. ते सुधारल्यावर ठेका यायला लागला, पण मधेच एखादा बोल गायब. हळू वाजवलं तर सगळे बोल येत, रोलवर, म्हणजे भराभर बोलांवर, आला की दातांच्या फटी दिसाव्यात तसं. पुतण्याने त्याच्या बँडमधल्याची जरा महाग वायर आणून लावली आणि एकही बोल गळला नाही. स्वस्त वायर आता आमच्याकडे पडद्याची दोरी म्हणून आहे.

त्या दुपारची खरी गंमत वेगळीच. मिडीत १६ चॅनेल असतात आणि ढोल-ताशाचा कारभार प्रथेने दहाव्यावर चालतो. मी रीपरमध्ये चॅनेलकडे बघितलंच नाही आणि ऑक्टोपॅडचे सगळे आकडे पियानोच्या आवाजाकडे वळवून ठेवले. पुतण्याने स्नेअर नावाच्या ड्रमच्या पॅडवर काठी मारली, आणि धाडकन पियानोचा खर्जातला ‘रे’ वाजला. किकवर, म्हणजे मोठ्या ढोलाच्या पॅडवर, मारलं तर खर्जातला ‘सा’. कारण स्नेअरचा आकडा ३८, किकचा ३६, आणि ऐकणारा पियानो असेल तर त्याच्या लेखी ३८ म्हणजे खालच्या सप्तकातली पांढरी दोन. वायरीला ‘ढोल’ हा शब्द माहीतच नाही. पुतण्या मग थांबेचना. अर्धा तास त्याने काठ्यांनी पियानो वाजवला, आणि खरं सांगायचं तर त्याच्या काठ्यांचे जोराचे आकडे माझ्या बोटांपेक्षा सारखे होते.

तानपुऱ्याने मात्र दाद दिली नाही. माझा इलेक्ट्रॉनिक तानपुरा वीस वर्षं जुना. त्याला मिडी नाही, यूएसबी नाही, फक्त आवाजाची एक पिन. तो आकडे देत नाही, सूर देतो, आणि त्याला जुळवायचं तर कानानेच. तो, पियानो आणि लॅपटॉप असे तिघं आवाज एकत्र करणाऱ्या एका छोट्या मिक्सरला जोडले आणि ‘घूंऽऽ’ सुरू झालं. तानपुऱ्याचं नव्हे, विजेचं. सगळ्या वायरी एकेक करून उपटल्या. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि शांतता पसरली. तीन पिनांच्या चार्जरची अर्थिंग एकीकडून, मिक्सरची दुसरीकडून, आणि पियानोची यूएसबी त्या दोघांना मधून जोडणारी. त्या गोल फेऱ्यात घरातल्या विजेची गुणगुण अडकते. जुन्या गोल पिनांच्या मिडीत वाद्याच्या आत प्रकाशावर चालणारा एक तुकडा असतो, त्यामुळे दोन वाद्यांची वीज एकमेकांना शिवत नाही. १९८३च्या लोकांनी आधीच विचार केलेली गोष्ट आमच्या चौकोनी भोकाने घालवली. आम्ही तेव्हापासून लॅपटॉपच्या बॅटरीवर रेकॉर्डिंग करतो. बॅटरी दीड तास टिकते, त्यामुळे कामही दीड तासात होतं.

तानपुरा लावून वाजवताना जाणवलं की पियानोचा गंधार किंचित चढा लागतो. शुद्ध गंधारापेक्षा तो सुमारे १४ सेंट वर असतो, म्हणजे एका पट्टीच्या अंतराचा सातवा भाग. आजच्या बहुतेक पेट्यांचाही तो तसाच असतो, पण पेटीच्या गजबजाटात खपून जातो. पियानोचा एकटा, लांब रेंगाळणारा सूर तानपुऱ्यापुढे उघडा पडतो. पडद्यावर काही सॉफ्टवेअरांत प्रत्येक सूर वेगळा लावता येतो. मी तो गंधार उतरवून पाहिला आणि मग पंचमापासून पुढचं सगळं मला खटकायला लागलं. परत होता तसा केला.

शेवटी ताईला मिडीची फाइल गेली. चार मिनिटांचं गाणं, ३० केबीसुद्धा नाही. तेच कॉम्प्रेस न केलेल्या आवाजाच्या फाइलमध्ये ४० एमबीच्या पुढे जातं. कुकर नाही, बुलेट नाही, गॅस नाही. वाजवताना खाली वरात गेली होती, तिचा मागमूस नाही. ताईचा फोन आला, “अरे हे काय पाठवलंस? रिंगटोन वाजल्यासारखं येतंय.” मी पाठवलेली फाइल म्हणजे वही, ती वाचायला तिच्या कॉम्प्युटरने स्वतःचा खेळण्यातला पियानो घेतला होता. मला आता हे समजावून सांगता येत होतं, आणि मी ते पुतण्याच्याच शब्दांत, जणू मला जन्मापासून माहीत असल्यासारखं समजावलं. मग तिने तिकडे बरा पियानो बसवला, गाणं पांढरी पाचवर उतरवलं, लय तिला हवी तेवढी संथ केली. मला एकही सूर पुन्हा वाजवावा लागला नाही.

दोन दिवसांनी तिने तीच फाइल परत पाठवली, तिच्या हाताने वरच्या सप्तकात एक जोडओळ वाजवून. मी ती वायरीतून पियानोकडे सोडली. पट्ट्या हलल्या नाहीत, पण आवाज आमच्या खोलीतला होता. सोबत तिचा मेसेज होता: “अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीत आकडे बघ. तुझी करंगळी लहानपणासारखीच पळते आहे. मला इथून दुरुस्त करता आली असती, केली नाही. तूच वाजवून पाठव.”